रायफल रेंजची की शेताची? इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही, गावही देपालपूरच्या बाजूचं एवढंच समजा. बाकी घडलं तसं लिहितोय. माझा भाग मामाचा, म्हणजे पैसे थोडे आणि सल्ले भरपूर, त्यामुळे चुकांमध्ये माझा वाटा बऱ्यापैकी आहे आणि तोही लपवत नाही.

पार्श्वभूमी

ताई-भावजी इंदूरात लोकमान्य नगरला राहतात. भाची चौदा वर्षांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळालं तेव्हा घरात सगळे टीव्हीसमोर, आणि कोल्हापूरकडचा आपला पोरगा म्हटल्यावर आमच्या इकडच्या मराठी घरांत जरा जास्तच उत्साह. त्याच फायनलमध्ये आपल्या खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर का नाही म्हणून भावजी चिडलेले. तर तिथून भाचीच्या डोक्यात बसलं. पण ५० मीटरला पॉइंट टू टू बोअरची, काडतुसाची रायफल लागते, तिला लायसन्स लागतं, म्हणून सगळे सुरू करतात तशी तिनी १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात केली, क्लबच्या रायफलवर, आठवड्यातून तीन दिवस.

हा खेळ बाहेरून सोपा दिसतो. दहा मीटरवर टार्गेट, त्याच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, त्याआधी पंधरा मिनिटं तयारी आणि सायटिंगची, म्हणजे नेम लावून बघायच्या शॉटची. प्रत्येक शॉट दशांशात मोजतात, जास्तीत जास्त १०.९, म्हणजे पूर्ण ६५४. भाची सहा महिन्यांत ५९०-५९५ ला पोचली होती, कोच खूश होते.

दुसरीकडे भावजींचे वडील, आबा. गावाला राहतात, पाच-सहा एकर काळी जमीन, खरीपात सोयाबीन, मग गहू आणि थोडा लसूण. आबांचा वैताग एकच, रोज. रोज म्हणजे नीलगाय, आमच्याकडे घोडारोज म्हणतात. रात्रीत दहा-बाराचा कळप आला की खातात थोडं आणि तुडवतात जास्त. दिवसा काळ्या तोंडाची वानरं. त्यात शेतीची लाइट रात्री येते, म्हणजे जानेवारीच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायला सत्तरीचा माणूस रात्री दीडला बांधावर, पायात प्लास्टिकच्या चपला आणि हातात मिणमिणता टॉर्च.

अडचण

अडचण अशी की घरात दोन वेगळ्या गरजा एकाच वेळी आल्या आणि त्या एकच आहेत असं आम्ही समजलो. भाचीला स्वतःची रायफल हवी होती कारण क्लबची रायफल चार पोरं वापरायची, प्रत्येक जण बट प्लेट आणि चीक पीस, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारे भाग, आपल्या मापाला फिरवून ठेवायचा, तिची पंधरा मिनिटं रोज परत सेट करण्यात जायची. आबा म्हणाले घ्या की बंदूक, सुट्टीत इकडे आणा, वानरं तरी हाकलू. अर्धे पैसे मी देतो.

हे अर्धे पैसे मी देतो जे होतं ना, तिथेच पुढचं सगळं ठरलं.

पर्याय काय काय होते

पहिला, स्वस्तातली देशी स्प्रिंगची रायफल. बॅरल मोडून कॉक करायची, पंप नको सिलेंडर नको, आबांना एकदम पसंत. पण स्प्रिंग-पिस्टन सुटताना झटका दोन्हीकडे मारतो, छर्रा बॅरलमध्ये असतानाच बंदूक हललेली असते, मॅचसाठी शिकणाऱ्या पोरीचा होल्ड त्यात बिघडतो. शिवाय रिकामी चालवली तर पिस्टन आपटतो, म्हणजे घरी ड्राय फायरची, छर्रा न घालता ट्रिगर दाबायची प्रॅक्टिस बंद.

दुसरा, नवीन देशी पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. सुरुवातीला ठीक. तिसरा, जुनी इंपोर्टेड मॅच रायफल. नवीन घ्यायची तर दोन लाखांच्या पुढेच, पण एक ओळखीतून आली, लाखाच्या आत, ॲल्युमिनियमचा स्टॉक, सगळं ॲडजस्टेबल, भाचीनी हातात घेतली आणि खाली ठेवेना.

चौथा पर्याय कोचनी सांगितला होता आणि तो ऐकून आम्हाला चक्क कमीपणा वाटला. ते म्हणाले वर्षभर रायफल घेऊच नका. जॅकेट, ट्राउजर, शूज, ग्लव्ह तिच्या मापाचं घ्या, छर्रे चांगले घ्या, रायफल क्लबची चालेल. कारण असं की अंगाला लागणारं सामान मापात नसेल तर कितीही भारी रायफल डुलणारच, आणि दहा मीटरवर छर्ऱ्याचा फरक स्पष्ट दिसतो. छर्ऱ्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापात येतं, कुठल्या बॅरलला कुठलं बसतं ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारायचे, ज्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात घट्ट त्याचे डबे घ्यायचे.

आबांच्या शेतासाठी वेगळे पर्याय होते ते कोणी मोजलेच नाहीत. सोलरचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं यंत्र, चांगला हेडलॅम्प, गमबूट. का नाही मोजले, तर बंदूक येणारच होती ना.

आम्ही काय ठरवलं

तिसरा पर्याय घेतला. मे २०२५. मी स्वतः बघायला गेलो होतो. बॅरल बघितली, ट्रिगर बघितला, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर काटा १८० बारला होता तो बघून समाधान झालं, दहा शॉट मारून ग्रुप बघितला. सिलेंडरवर कोरलेली तारीख बघितली नाही. बघायची असते हेच माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्यानी सांगितलं नाही, त्यानी का सांगावं म्हणा.

लायसन्सचं मात्र आधी विचारून घेतलं होतं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे साडेचार मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर आणि वीस जूलच्या आतली ताकद असली तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही. मॅच रायफल त्याच्या बरीच खाली असते. तरी बिलाची कॉपी, विकणाऱ्याचं पत्र आणि क्लबचं कार्ड केसमध्येच ठेवायचं ठरलं, कारण रस्त्यात अडवणाऱ्याला जूल समजावत बसणार कोण.

रायफलचं मॅक्झिमम वजन साडेपाच किलो चालतं, ही साडेचारच्या आसपास. स्टॉक सगळ्यात लहान करूनही तिला जेमतेम आली. जॅकेटला मग पैसे उरले नाहीत, सीनियर मुलीचं जुनं घेतलं, खांद्यात ढगळ. हे लिहिताना पण लाज वाटते, मापाच्या कॅनव्हासच्या जॅकेटऐवजी आम्ही ॲल्युमिनियमच्या चकाकीवर पैसे टाकले.

पावसाळा आणि हातपंप

क्लबमध्ये डायव्हिंगवाला मोठा सिलेंडर आहे, त्यातून कोरडी हवा भरून मिळते. पण क्लब शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून भावजींनी हातपंप आणला. तीन टप्प्यांचा सायकलपंपासारखा, दोनशे बारपर्यंत न्यायचा म्हणजे माणूस घामाघूम. जून ते सप्टेंबर घरीच भरला.

इथे जी गोष्ट झाली ती दिसत नाही म्हणून घातक. जुलैमध्ये इंदूरची हवा ओलीच असते, तीच हवा दोनशे पट दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. पंपाला पाणी अडवायची छोटी जागा असते, थोडा वेळ पंपून थांबायचं, पंप थंड होऊ द्यायचा, खालची खुट्टी उघडून पाणी सोडायचं, मग पुढे. भावजी एका दमात भरायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पाणी गेलं कुठे, तर सिलेंडरमध्ये.

केसचं पण असंच. आतला फोम ओल धरतो. पावसातून रेंजवरून आली की केस बंद करून कपाटावर. घरी येऊन केस उघडी ठेवायची, रायफल कोरड्या कपड्यानी पुसायची कारण हाताच्या घामात मीठ असतं, सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, एवढं साधं काम, ते कोणी कोणाला सांगितलंच नाही.

खंडेनवमी

आता मुख्य प्रसंग. नवरात्रात सगळे गावाला. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते, आजोबांच्या वेळची एक तलवार आहे गंजकी, विळे, कोयते, पाना-पक्कड, ट्रॅक्टर सगळ्याला हळदकुंकू. आजी म्हणाली यंदा नातीची बंदूक पाटावर. कोण नाही म्हणणार, मीही फोटो काढले.

आजीनी हळदकुंकू वाहिलं ते नेमकं लोडिंग पोर्टवर, म्हणजे छर्रा घालायच्या खाचेवर, पोर्ट उघडं होतं. वर झेंडूच्या पाकळ्या, आणि फुलपात्रातल्या पाण्याचे चार थेंब. भाचीचा चेहरा पडला पण आजीसमोर बोलली नाही. संध्याकाळी आबांनी मायेनी रायफल पुसायला घेतली, आणि शिलाई मशीनचं तेल, थेंब-थेंब, जिथे जिथे भोक दिसेल तिथे. आबांच्या हिशोबानी बरोबरच, आयुष्यभर पंप, चारा कटर, सगळं तेलावरच चाललंय. शेवटी आबा म्हणाले राहू दे इथेच दिवाळीपर्यंत, वानरं फार झालीयत.

हा सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण होता आणि तो पाच सेकंदात झाला. भाची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं राहू दे ग, महिनाभर क्लबची वापर. अर्धे पैसे आबांचे होते.

गंमत म्हणजे शेतात त्या रायफलचा काडीचा उपयोग नव्हता. मॅच रायफलला डायऑप्टर असतो, बारीक भोकातून बघायचं. रेंजच्या लख्ख लाइटमध्ये सुंदर दिसतं, संध्याकाळी साडेसहाला बांधावर त्यातून काळोख दिसतो. आबा म्हणाले, "अरे भोकात काहीच नाही, बिघडलीय का ही?" आणि छर्रा सपाट डोक्याचा, कागदाला गोल भोक पाडायला बनवलेला, पंचवीस मीटरच्या पुढे भरकटतो. लागला असता तर जास्त वाईट झालं असतं, वानर मरत नाही, जखम चिघळत महिनाभर हिंडतं. नीलगाय मारायची तर वन खात्याची परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, शेतात मोर पण फिरतात. हे आबांना माहीत होतं, ते म्हणायचे नुसता आवाज करायचाय. एअर रायफलचा आवाज फट्, वानर मान पण वळवत नाही.

मग आबांनी आवाजासाठी बाजारातून कार्बाइडची पाइपवाली गन आणली. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचा खडा आणि पाणी, गॅस झाला की लायटरनी पेटवायचा, आवाज तोफेसारखा. त्याच दिवाळीत, २०२५ ला, भोपाळपासून सगळ्या मध्य प्रदेशात पोरांचे डोळे ह्याच गननी भाजले, स्फोट झाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावायची आणि तेव्हाच उडायचा. बातमी बघून आजीनी तो पाइप स्वतः कोयत्यानी तोडला. पूजेतल्या त्याच कोयत्यानी.

बिघाड कळला कधी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रायफल परत आली. खळ्याजवळच्या खोलीत, खताच्या पोत्यांशेजारी, पाच आठवडे. युरिया ओल ओढतो आणि लोखंडाला वाईट. कॉकिंग लिव्हरच्या खिळीवर गंज, पोर्टमध्ये हळद आणि तेलाचा पिवळा लगदा, गेज शून्याला. भावजी लगेच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. दोन मार्ग होते, घरी उघडायची किंवा जाणकाराकडे न्यायची, आणि ह्या एका ठिकाणी आम्ही बरोबर वागलो कारण ताईनी स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेतला.

इंदूरजवळ महूला एक निवृत्त आर्मरर, म्हणजे फौजेतल्या बंदुका दुरुस्त करणारे, आहेत. महू म्हणजे इन्फंट्री स्कूल, आर्मीचं मार्क्समनशिप युनिट तिथलंच, त्यामुळे बंदूक समजणारी माणसं तिथे सापडतात. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, ये रायफल है, सिलाई मशीन नहीं." मग शांतपणे समजावलं. दाबलेल्या हवेच्या वाटेत साधं तेल घालायचं नाही, कधीच. दोनशे बारची हवा बंद जागेत एकदम घुसली की तिथली हवा दाबली जाऊन गरम होते, तेलाची वाफ पेटू शकते, डिझेल इंजिनचं तत्त्वच ते, नशीब असलं तर नुसता ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, जळतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर जेमतेम चमकेल एवढं. आणि तेच सिलिकॉन ग्रीस लोखंडावर लोखंड घासतं तिथे चालत नाही, तिथे दुसरं. बॅरलला तेल नाही, साफ करायच्या फेल्टच्या गोळ्या दोन-तीन मारायच्या, झालं.

सिलेंडर सोडवून त्यांनी उलटा केला तर चहाच्या चमच्याभर पाणी निघालं. भावजी काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा लावून सिलेंडरवरची तारीख वाचली. २०१४. एअर सिलेंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं असते, म्हणजे आम्ही घेतली तेव्हाच ती संपलेली होती. आतून पाणी, वरून मुदत संपलेली, आणि आमचा माणूस गालाजवळ धरून त्यात दोनशे बार भरतोय. ताईनी तो सिलेंडर परत घरात आणू दिला नाही.

स्पर्धा आणि निकाल

नवीन सिलेंडर मागवला तो यायला वेळ लागणार होता आणि स्पर्धा बारा दिवसांवर. पर्याय दोन, क्लबची रायफल किंवा उसना सिलेंडर. कोच म्हणाले क्लबची घे, तिच्यावर तुझे शेवटचे पाच आठवडे झालेत. भाची म्हणाली माझीच. क्लबमधल्या एका मुलीकडे त्याच कंपनीची रायफल होती, तिनी जास्तीचा सिलेंडर दिला, पण तो लांबीला मोठा. पुढे वजन वाढलं, बॅलन्स हलला, डाव्या हातावर भार, साठात चाळिसाव्या शॉटनंतर हात थरथरायला लागला. इक्विपमेंट चेकमध्ये सगळं पास झालं. स्कोर ५८८.४. क्लबच्या रायफलवर त्या महिन्यात ती ६०० च्या वर होती.

रडली नाही. गाडीत केस मांडीवर घेऊन बसली आणि इंदूरची खाऊगल्ली छप्पन दुकान आली तरी उतरली नाही, त्यावरून काय ते समजा.

परत असं झालं तर

कोचचा चौथा पर्याय बरोबर होता, पण पूर्ण वर्ष नाही असं माझं मत आहे. स्वतःची रायफल आल्यावर ती रोज रात्री भिंतीसमोर वीस मिनिटं ड्राय फायर करायची, सेफ्टी तपासून, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि त्यानी तिचा ट्रिगर सुधारला हे कोचपण मानतात. म्हणजे सहा महिने अंगाचं सामान, मग रायफल. जुनी घ्यायची तर सगळ्यात आधी सिलेंडरची तारीख, मुदत संपली असेल तर नव्या सिलेंडरची किंमत सौद्यातून वजा करायची, मग बाकी ग्रुप-बिप बघा.

हातपंप वाईट नाही, पावसाळ्यात तो वापरूच नये एवढंच. पंधरवड्यातून एकदा क्लबला जाऊन भरली तरी दोनशेच्या वर शॉट आरामात निघतात, आणि ड्राय फायरला तर हवेची फारशी गरजच नसते.

आणि आबांचे अर्धे पैसे. ते घेताना विचारायला हवं होतं की आबा, तुम्हाला नक्की काय हवंय. नंतर जानेवारीत मी एक रात्र त्यांच्याबरोबर पाणी द्यायला गेलो तेव्हा कळलं. त्यांना बंदूक नकोच होती, त्यांना अंधारात एकटं वाटायचं. मागच्या वर्षी बांधावर घोणस पायाला घासून गेलेली, ते त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

आत्ता काय स्थिती आहे

नवीन सिलेंडर आला, तारीख भाचीनी स्वतः मार्करनी कागदावर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवलीय. बॅरलमध्ये नारंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी आहे हे दाखवणारी दोरी, कायम, पूजा असो की पाहुणे. जॅकेट मापाचं शिवून घेतलं, पावसाळ्यात ते जाड हँगरवर पंख्याखाली वाळतं, शूज रेंजच्या बाहेर घालत नाही, सपाट तळ झिजला की स्टँडिंग गेलं. छर्ऱ्याला हात लावला की साबणानी हात, शिसं आहे ते. स्कोर परत ६०० च्या वर आलाय, एकदा ६०७ पण.

आबांना भाचीच्या बाबांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चार्जिंगचा हेडलॅम्प दिला. शेताला सोलरचं झटका मशीन, पाच तारा. तयार मशीनच घेतलं, गावात दोघं-तिघं घरची लाइट सरळ तारेत सोडतात, त्यानी माणसं मरतात आणि गुन्हाही होतो. त्याची पण देखभाल आहे, तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून आबा रोज सकाळी विळा घेऊन कुंपणाच्या कडेनी चक्कर मारतात. नीलगायी येतात अजून, पण शेजाऱ्याकडे. त्यावर शेजारी बोलत नाही आबांशी, ते वेगळंच प्रकरण होईल.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर काय ठेवायचं याची आजीशी बोलणी चालू आहेत. आजी बंदुकीवर अडून आहे, भाचीनी छर्ऱ्यांचा रिकामा डबा देऊ केलाय, सध्या बहुतेक गमबुटावर येऊन थांबेल असं दिसतंय.